रोप विकत आणावे की बी पेरावे?

गेल्या जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा एका सद्‌गृहस्थांनी आम्हांस विचारले, "मास्तर, मुलांना आम्ही शिकायला पाठवितो, आपण त्यांच्या हाती खुरपे का देता? फुलेच हवी असतील तर रोपवाटिकेतून फुललेल्या कुंड्या आणाव्यात. दोन तासांत आवार शोभिवंत होईल." प्रश्न मनापासून विचारलेला होता, म्हणून त्याचे उत्तर या वार्षिकातून सर्वच पालकांस व विद्यार्थ्यांस देणे आम्हांस उचित वाटते. शाळेच्या बागेत फुललेली कुंडी आणू नये. तेथे बीच पेरावे, आणि ते मुलांनीच पेरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम जागेचा विचार करू. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, गलांडा, सूर्यफूल ही वर्षायू झाडे, आणि सदाफुली, गुलबक्षी, गोकर्ण ही अनेक वर्षे टिकणारी झाडे, सर्वच उन्हाची भुकेली आहेत. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन न मिळाले तर ती किडकिडीत वाढतात व फुलांस कृपणता करतात. पहिल्या वर्षी आम्ही आमचा वाफा इमारतीच्या मागे केला, कारण ती जागा 'कोणाच्या उपयोगाची नव्हती'. पाने पुष्कळ आली, फुले बोटांवर मोजण्याइतकी. दोष बियाण्याचा नव्हता, आमचा होता. आजकाल उत्तम उन्हाची जागा वाहनांस मिळते आणि बागेच्या वाट्यास भिंतीमागची सावली येते. ही वाटणी बदलल्यावाचून पुढील सर्व बोलणे व्यर्थ आहे.

आता बी काय शिकविते ते पाहू. आपल्या कोल्हापूरकडील काळी माती सकस खरी, पण ती पाणी धरून ठेवते. आषाढ-श्रावणाच्या झडीत सपाट वाफ्यातील कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. म्हणून वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे लागते. बी आपल्या जाडीच्या दुप्पट खोल पेरावे, हा सामान्य नियम. पण सर्वांस एकच नियम लागू पडत नाही. सदाफुलीचे बी अंधारात रुजते, म्हणून ते नीट झाकावे. पेट्युनियाचे बी धुळीसारखे बारीक असून त्यास उजेड लागतो, म्हणून ते वाळूत मिसळून केवळ वर भुरभुरावे. गोकर्णाचे कवच कठीण, त्यास रात्रभर पाण्यात भिजवावे. झिनियास स्थलांतर मानवत नाही. ते जेथल्या तेथे पेरावे. कॉसमॉसला खत जास्त झाले तर पाला माजतो व फूल रुसते. हे सारे ज्या मुलाने आपल्या बोटांनी केले, त्यास वनस्पतिशास्त्राचा धडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

गणितही यात आहे. झेंडूस पेरणीपासून फुलापर्यंत सुमारे दोन ते अडीच महिने लागतात. दसऱ्यास तोरण हवे असेल तर दिनदर्शिका उलटी मोजत जुलैच्या अखेरीस पेरले पाहिजे. नाताळास फुले हवी असतील तर सप्टेंबर-अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी. विकतची कुंडी हे गणित मुलाच्या हातून काढून घेते.

२०१९ सालचा ऑगस्ट कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. शाळा बंद होती. पुन्हा उघडली तेव्हा आमच्या वाफ्यातील झेंडूचे एकही रोप उभे नव्हते. नदीचे पाणी आमच्यापर्यंत आले नव्हते, पण पाऊस आला होता. मुले हिरमुसली. तेव्हा आठवीतील एका मुलीने घरून काचेची बाटली आणली. आदल्या वर्षीची वाळलेली फुले चुरून तिने बी राखून ठेवले होते. सप्टेंबरच्या मध्यास पुन्हा पेरणी झाली. दसरा गेला, दिवाळी गेली. नोव्हेंबर संपता संपता वाफा केशरी झाला. कुंड्या आणल्या असत्या आणि त्या कुजल्या असत्या तर पुन्हा पैसे मागावे लागले असते. ज्याच्यापाशी बी आहे, त्यास पुन्हा आरंभ करता येतो. हे त्या वर्षी आम्हांस मुलांना सांगावे लागले नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाकिटातील संकरित बियाण्यापासून आलेल्या फुलाचे बी धरले तर पुढची पिढी आईसारखी येईलच असे नाही. रंग व उंची बदलते. काहींस हा तोटा वाटेल. देशी झेंडू, गुलबक्षी, सदाफुली यांचे बी धरावे म्हणजे ही अडचण बहुतेक टळते. आणि रोपवाटिका चालविणारे बंधू प्रामाणिक व्यवसाय करतात. ज्याच्या घरी वेळ नाही त्याने रोप विकत घेतले तर त्यात काही गैर नाही. आमचे म्हणणे शाळेपुरते आहे.

या फुलांचे कूळही मुलांनी जाणावे. दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. झिनिया व कॉसमॉसही तिकडचीच. सदाफुली मादागास्करची, आणि तिच्यापासून मिळणारी औषधे आज लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिली जातात. आपल्या तांबड्या रश्श्यातली मिरचीदेखील अमेरिका खंडातून आलेली पाहुणी आहे. ज्यांस आपण परके म्हणतो, तेच काही पिढ्यांनंतर आपल्या दाराचे तोरण होतात. तेरडा मात्र आपल्याच मातीचा. पावसाळ्याच्या शेवटी सह्याद्रीच्या पठारांवर तो कोणी न पेरताही फुलतो.

राहिला खुरप्याचा प्रश्न. मातीत हात घालणे हे शिकलेल्याचे काम नव्हे, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे व तिने आपले फार नुकसान केले आहे. याच जिल्ह्यातील कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम व शिक्षण यांची सांगड घातली. त्यांच्या वसतिगृहांतील मुले राबली म्हणून अडाणी राहिली नाहीत. ज्या मुलास खुरप्याची लाज वाटते, त्यास पुढे खुरपे धरणाऱ्या माणसाचीही लाज वाटू लागते. आम्हांस भय आहे ते याचे; मळलेल्या गणवेशाचे नव्हे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, घरी एखादी उन्हाची खिडकी अथवा गच्चीचा कोपरा, आणि बुडाशी भोके पाडलेला जुना डबा मुलास द्यावा. बी उगवण्यास आठवडा लागला तर त्यास उतावीळ करू नये. न उगवले तर रागावू नये, पुन्हा पेरू द्यावे. आणि बालमित्रांनो, या वर्षीचे झेंडूचे तोरण वाळले असेल तर ते फेकू नका. चांगली भरलेली चार फुले निवडा, सावलीत वाळवा, बी कोरड्या बाटलीत भरा, वर नाव व साल लिहा. जूनमध्ये येताना ती बाटली बरोबर आणा.