चपलेतली चूक

गेल्या वर्षीची गोष्ट. भाजीची पिशवी घेऊन घरी आलो, दारात चप्पल काढली आणि आत गेलो. मागून नात ओरडली, ‘आजोबा, रक्त!’ वळून पाहिलं तर फरशीवर उजव्या पावलाचे चार लाल ठसे. चप्पल पालथी केली. चांभारानं मारलेली एक चूक तळातून वर आली होती. बाजारापासून सावेडीपर्यंत ती टाचेत रुतत होती आणि मला पत्ताही नव्हता.

चूक म्हणजे बारीक खिळा, हे नातीला समजावून सांगावं लागलं. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. दुसऱ्या अर्थाची चूक सापडेपर्यंत रात्री नऊ-नऊपर्यंत खतावण्या उलटल्या. एका रुपयाचा फरक झोप उडवायचा. आणि स्वतःच्या टाचेतली चूक मात्र नातीनं दाखवावी लागली!

मला चौदा वर्षांचा मधुमेह आहे. आमचा नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, साखरेचाच. विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेकाठच्या सहकारी साखर कारखान्याची चाकं 1950 साली फिरली. पुढं त्या पट्ट्यात ऊसकर्जाच्या किती कागदांवर मी सह्या केल्या, मोजदाद नाही. साखर अशी व्याजासह परत येईल, असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा एक धागा पावलावर ठिकठिकाणी टेकवणार होते; कळलं की ‘हो’ म्हणायचं. तपासणी कधी सुरू होते याची वाट पाहत मी पडून राहिलो. डोळे उघडायला सांगितलं तेव्हा ती संपली होती.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतू झिजतात, आणि सर्वांत लांबचे तंतू पायांचे, म्हणून बहुधा सुरुवात तिथून होते. न कळलेली जखम चिघळते, कधी पाय कापण्यापर्यंत जाते. दुसरा धोका पडण्याचा. आपला तोल डोळे, कानातली यंत्रणा आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी खबर या तिघांवर उभा असतो. ही आतली खबर म्हणजे एक स्वतंत्र जाणीव आहे, असं ओळखून चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं तिला 1906 मध्ये नाव दिलं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी बेसिनपाशी झुलायचो. त्याला मी ‘वय’ म्हणत होतो.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. लेकीच्या वयाच्या. त्यांनी चटईवर उताणं झोपवलं, गुडघे उभे करायला लावले आणि सांगितलं, ‘काका, उजवं पाऊल जमिनीवर हलकेच दाबा. कंबरेपर्यंत काय काय हलतं ते बघा.’ मी विचारलं, ‘किती वेळा?’ त्या हसल्या. ‘मोजू नका. एकदाच करा, पण कळेल असं करा.’

माझी पंचाईत तिथंच झाली. आमच्या पिढीनं व्यायाम मोजूनच केला. सूर्यनमस्कार किती, जोर किती, बैठका किती. नाहीतर शरीराकडे पाहिलं ते दुखलं तरच. राबवायचं किंवा विसरायचं. मधली वाटच नव्हती. पहिले आठ दिवस मला काहीच कळलं नाही. ‘व्यायाम चाललाय की झोप?’ असं सौभाग्यवती विचारून जात. मग एकदा लक्षात आलं, डावी कंबर उजवीपेक्षा आधी उचलली जाते. ओट्याला धरून उभं राहिलो की सगळा भार उजव्या टाचेवर. जन्मभर मी एकाच पायावर उभा होतो म्हणायचा!

यात नवं काही नाही. लहानपणी क्षयासारख्या आजारांनी खंगलेले बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले आणि तिथलेच झाले. त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’ या 1966 च्या पुस्तकात नुसतं उभं राहण्यालाही एका आसनाचा मान आहे. भार कुठं पडतो हे चपलेची झीज सांगते, असं त्यांनी तिथं बजावलं आहे. त्याहून जवळचं उदाहरण आमच्याच नेवाशाचं. तिथं 1290 मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात टाच कुठं टेकवावी इथपासून बसण्याचं बारीक वर्णन आहे. आम्ही नेवाशाच्या पैस खांबाला नमस्कार केला आणि टाचेला विसरलो.

हे सगळं आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना मी उत्साहानं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘साहेब, आमचं अंग रातभर बोलतंय. ऐकायला सवड पाहिजे ना.’ मला उत्तर सुचलं नाही. स्वतःच्या शरीराकडे दहा मिनिटं लक्ष देणं ही पेन्शनरांची चैन ठरावी, यात आपल्या समाजाचा काहीतरी हिशेब चुकतो आहे. आणि घरोघरी सर्वांत शेवटी टेकणाऱ्या बाईला तर ती दहा मिनिटं मागताही येत नाहीत. ती घरातल्या इतरांनी काढून द्यायची असतात.

या हालचालींनी पावलांची जाणीव परत आली, असं मी सांगणार नाही. गेलेलं बहुतेक गेलं. साखर सांभाळणं, औषध घेणं सुटलेलं नाही. पण बँकेत लागलो तेव्हा आमचे एक कॅशियर गप्पा मारत नोटा मोजायचे आणि खोट्या नोटेवर अंगठा आपोआप थांबायचा. लक्ष दिल्यानंच बोटं शहाणी होतात. माझी पावलं आता जेवढं कळतं तेवढ्यावर सावध चालतात, आणि बेसिनपाशी मी झुलायचा कमी झालो आहे.

रात्री जेवणं झाली की सौभाग्यवती आणि मी आळीपाळीनं एकमेकांचे तळवे दिव्याखाली पाहतो. भेग, फोड, ओरखडा. नात आरसा धरते. मग चपला उलट्या करून झटकतो. दिवसाची खतावणी जुळली, की दिवा मालवायचा.