विश्लेषण : ग्रंथालयाचे लॉगिन आहे, पण शोधनिबंध कॅम्पसबाहेर का उघडत नाही?

पिंपरी-चिंचवड परिसरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडले, की ‘डिजिटल लायब्ररी’ किंवा ‘ई-रिसोर्सेस’ अशी पाटी हमखास दिसते. कुठे मोबाइल ॲप असते, कुठे प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने खाते असते. पण चाकणला पहिली पाळी करून नोकरीबरोबर बी.टेक. करणाऱ्या विद्यार्थ्याने रात्री कुरुळीतल्या खोलीवरून एखादा शोधनिबंध उघडायला घेतला, तर पडद्यावर बहुधा डॉलरमधली किंमत झळकते. तोच निबंध महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मात्र विनासायास उघडतो. असे का होते, ग्रंथालयांच्या वैयक्तिक ऑनलाइन सेवा कशा चालतात आणि या पट्ट्यातला विद्यार्थी त्यांतून नेमका कुठे निसटतो, याविषयी...

वैयक्तिक ऑनलाइन सेवा म्हणजे काय?

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याला हवे ते पुस्तक मिळावे आणि वाचकाचा वेळ वाचावा, ही त्यांपैकी दोन. वैयक्तिक सेवेचा सगळा मामला या दोन सूत्रांत येतो. पूर्वी हे काम काउंटरवरचे ग्रंथपाल तोंडीच करत. कोणत्या प्राध्यापकांना कोणता विषय लागतो, प्रकल्पासाठी कोण कशाच्या शोधात आहे, हे त्यांच्या डोक्यात असे. वाचकाच्या आवडीच्या विषयांची यादी यंत्राला द्यावी आणि नव्या साहित्यातले जुळेल तेवढेच त्याच्यापर्यंत पोहोचवावे, ही कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये मांडली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘मायलायब्ररी’ सुरू करून प्रत्येक वाचकाला स्वतःचे वेबपान दिले.

आपल्याकडे ही सेवा ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून येते. न्यूझीलंडमध्ये तयार झालेले आणि २००० पासून सर्वांसाठी खुले असलेले ‘कोहा’, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘सोल’, पुण्यातल्याच कंपनीचे ‘स्लिम’ ही त्यांतली काही नावे. कोहात खाते उघडले की घेतलेली पुस्तके दिसतात, मुदत वाढवता येते, दुसऱ्याने नेलेल्या पुस्तकासाठी नंबर लावता येतो, स्वतःच्या याद्या करता येतात आणि ‘हे पुस्तक विकत घ्या’ अशी मागणीही नोंदवता येते. परत करण्याची तारीख जवळ आली की ई-मेल येतो. यातले काय चालू ठेवायचे आणि काय बंद, हे सॉफ्टवेअर नव्हे तर ग्रंथालयातली माणसे ठरवतात. अनेक ठिकाणी खरी वैयक्तिक सेवा अजूनही ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालते. त्यात हसण्यासारखे काही नाही. तिथे निदान उत्तर मिळते.

संगणक कक्षात चालते ते खोलीवर का चालत नाही?

कारण प्रकाशक विद्यार्थ्याला ओळखत नाही, तो महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीला ओळखतो. वर्गणी भरताना महाविद्यालय आपल्या जोडणीचे आयपी पत्ते प्रकाशकाला कळवते. त्या पत्त्यांवरून आलेल्या प्रत्येकाला प्रवेश, बाकीच्यांना किंमतपत्रक. हॉस्टेल त्याच जोडणीवर असेल तर तिथेही चालते. मोबाइलचा डेटा वापरला की विद्यार्थी परका ठरतो, मग खिशात ग्रंथालयाचे कार्ड असो वा नसो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला प्रॉक्सीचा. विद्यार्थी आधी महाविद्यालयाच्या सर्व्हरवर लॉगिन करतो आणि तो सर्व्हर त्याच्या वतीने प्रकाशकाकडे जातो. ‘मायलॉफ्ट’, ‘निंबस’ यांसारख्या सेवा दूरस्थ प्रवेशाचे हेच काम तयार स्वरूपात विकतात. दुसरा उपाय महासंघाचा. ‘हा आमचाच विद्यार्थी आहे’ असे महाविद्यालय सांगते आणि प्रकाशक त्यावर विश्वास ठेवून दार उघडतो. इन्फ्लिबनेटचा ‘इन्फेड’ हा असाच महासंघ आहे. तंत्रज्ञान म्हणून दोन्ही जुने आणि सिद्ध झालेले आहेत. अडचण असते ती देखभालीची. दरवर्षी नव्या प्रवेशांची यादी चढवणे, बाहेर पडलेल्यांची खाती बंद करणे, पासवर्ड विसरलेल्यांना पुन्हा आत घेणे हे काम कोणाचे, ग्रंथालयाचे की संगणक विभागाचे, हे ठरलेले नसले की सेवा कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद राहते.

‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’मध्ये या पट्ट्याला जागा आहे का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक व संशोधक असा तिचा आवाका आहे. एल्सव्हियर, स्प्रिंगर नेचर, विली यांच्याबरोबर अभियांत्रिकीला लागणाऱ्या आयईईईसारख्या संस्थांची नियतकालिकेही तिच्यात आहेत. समन्वय इन्फ्लिबनेटकडे आहे. योजना चांगलीच आहे. प्रत्येक विद्यापीठाने त्याच नियतकालिकासाठी वेगवेगळे पैसे मोजण्याचा प्रकार तिने मोडला.

मात्र ती केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी व केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. निगडी, आकुर्डी, रावेत, ताथवडे, तळेगाव या पट्ट्यातले अभियांत्रिकी शिक्षण जवळजवळ सगळे खासगी संस्थांकडे आहे. त्यामुळे चित्र असे दिसते. गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील तंत्रज्ञान विभागात शिकणारा विद्यार्थी योजनेच्या आत. त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आकुर्डीतल्या खासगी महाविद्यालयातला विद्यार्थी बाहेर. दोघांच्या पदवी प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव एकच.

याआधीची ‘एन-लिस्ट’ योजना २०१० पासून महाविद्यालयांसाठी आहे आणि कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांना तिचा मोठा आधार आहे. पण खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन, फार्मसी महाविद्यालये तिच्या चौकटीबाहेर ठेवली गेली. म्हणजे देशातल्या मोठ्या वाहन उद्योग पट्ट्यांपैकी एकाला मनुष्यबळ पुरवणारी महाविद्यालये दोन्ही योजनांच्या कुंपणाबाहेर आहेत.

खासगी संस्था शुल्क घेतात, त्यांनी स्वतः वर्गणी भरावी, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शुल्क भरणारा विद्यार्थी एकटा प्रकाशकाशी घासाघीस करू शकत नाही आणि एकटे महाविद्यालयही फारशी करू शकत नाही. दर पाडून घेण्याची ताकद एकत्र खरेदीत असते. याचा अनुभव देशाला आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडेस्ट-एआयसीटीई’ समूहात आयआयटीसारख्या संस्थांचा खर्च केंद्र सरकार करत असे आणि खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना स्वतःचे पैसे भरून समूहाच्या सवलतीच्या दरात सहभागी होता येत असे. पुढे हा समूह २०१५ मध्ये ‘ई-शोधसिंधू’त विलीन झाला. तीच वाट आजच्या योजनेला जोडणे अशक्य नाही. सरकारने खासगी महाविद्यालयांचे बिल भरावे अशी ही मागणी नाही. सरकारने ठरवलेल्या दरात त्यांना बिल भरू द्यावे, एवढेच म्हणणे आहे. आणि सवलत देताना एक अट घालता येईल, ती म्हणजे कॅम्पसबाहेरून प्रवेश प्रत्येक विद्यार्थ्याला द्यावाच लागेल.

नोकरदार विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा का?

नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत पदवी आणि पदविका अभ्यासक्रम चालवण्याची मुभा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून दिली. चाकण, म्हाळुंगे, भोसरीच्या कारखान्यांत डिप्लोमा करून लागलेल्या मुलांसाठी ही मोठी संधी आहे. पण ग्रंथालयाच्या वेळा दिवसा शिकणाऱ्याला धरून आखलेल्या असतात. तळेगाव-चाकण रस्त्यावर किंवा नाशिक महामार्गावर कंपनीची बस अडकली, की काउंटर बंद होण्याआधी पोहोचणे दूरच. या विद्यार्थ्याला पुस्तकांच्या शिफारशी करणारे झगमगीत ॲप नको आहे. त्याला रात्री अकराला उघडणारे लॉगिन हवे आहे.

त्याला दुसरी गरज असते ती वेळेवर सूचना मिळण्याची. उदाहरण घ्यायचे तर बॅटरीचे. ई-स्कूटरना आगी लागण्याच्या घटनांनंतर २०२२ मध्ये ‘एआयएस-१५६’ या बॅटरी सुरक्षा मानकात सुधारणा झाली आणि ती १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. बॅटरी पॅकवर प्रकल्प करणाऱ्याने जुनी आवृत्ती धरून अहवाल लिहिला, तर अहवाल कालबाह्य होतो. कामावरही तीच माहिती लागत असेल तर नुकसान आणखी मोठे. ‘बॅटरी सुरक्षा, दुचाकी, मानके’ एवढे तीन शब्द विद्यार्थ्याच्या खात्यात नोंदवून बदल झाला की ई-मेल पाठवणे, हीच लून यांची १९५८ ची कल्पना. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची वाट पाहायची गरज नाही. विषयांची यादी जपणारा एक ग्रंथपाल आणि त्याला त्यासाठी दिलेले आठवड्याचे दोन तास पुरतात.

आपण काय वाचतो, याची नोंद कोणाकडे राहते?

सेवा जितकी वैयक्तिक, तितकी वाचकाची माहिती अधिक साठते. कोणते पुस्तक नेले, कोणता शब्द शोधला, रात्री किती वाजता काय उघडले, हे सारे नोंदले जाऊ शकते. मानसिक आजार, कामगार कायदे किंवा नोकरी बदलण्याच्या परीक्षा यांवरची पुस्तके कोण नेतो, ही माहिती प्राध्यापकांच्या किंवा मालकाच्या हाती जावी असे कोणालाच वाटणार नाही. अमेरिकेत २००१ च्या ‘पेट्रियट ॲक्ट’ने तपास यंत्रणांना ग्रंथालयाच्या नोंदी मिळवणे सोपे केले, तेव्हा तिथल्या अनेक ग्रंथालयांनी पुस्तक परत आले की नोंद पुसायचे धोरण घेतले. जे साठवलेच नाही ते कोणी मागू शकत नाही, असा साधा हिशेब.

कोहामध्ये ही सोय आहे. ग्रंथालयाने ती सुरू केली असेल तर वाचन इतिहास कायम ठेवायचा, ठरावीक काळ ठेवायचा की परत करताच पुसायचा, हे वाचक स्वतः निवडू शकतो. बाहेरच्या कंपनीचे ॲप असेल तर मात्र नोंदी कुठे साठतात, महाविद्यालयाशी करार संपल्यावर त्यांचे काय होते, हे विचारावे लागते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण ‘बालक’ आहे. दहावीनंतर डिप्लोमाला आलेली मुले त्यात सरळ येतात. त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला कायद्याची मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना सूट आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. पॉलिटेक्निकच्या ग्रंथालयात वाचन इतिहासावरून शिफारशी करणारे ॲप बसवताना ही मर्यादा आधीच पाहिलेली बरी.

तोपर्यंत विद्यार्थ्याने काय करावे?

सत्र सुरू होताच ग्रंथालयात जाऊन दूरस्थ प्रवेश आहे का, हे थेट विचारावे. वर्गणीत तो असूनही केवळ आपले नाव चढवलेले नसते, असेही घडते. गुगल स्कॉलरवर विषयाची सूचना लावली की नवे निबंध ई-मेलवर येतात. निबंधाला पैसे पडत असतील तर लेखकाला ई-मेल करून प्रत मागण्यात संकोच करू नये, बरेच जण पाठवतात. भारतीय पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले आहेत, पाठ्यपुस्तकांसाठी आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. भारतीय मानक ब्युरोने स्वतः तयार केलेली मानके पोर्टलवर नोंदणी करून मोफत उतरवता येतात. ‘एआयएस’ मानके पुण्यातल्या ‘एआरएआय’च्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे मूळ मानकाबरोबर सुधारणांच्या स्वतंत्र फाइल असतात, त्या न विसरता उघडाव्यात.