आकाशातले वार आणि कष्टकऱ्यांचा रविवार

दिवस सूर्याने ठरतो, महिना चंद्राने आणि वर्ष ऋतुचक्राने. आठवड्याला मात्र निसर्गात इतका नेमका आधार नाही. तो माणसाने मानला म्हणून आहे.

वारांचा क्रमही गणिताचा आहे. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने एकेका तासाचे, म्हणजे होऱ्याचे, स्वामित्व ग्रहांना दिले, की चोविसास सातांनी भागून तीन उरतात. म्हणून शनिवारनंतर रविवार आणि त्यानंतर सोमवार. आपल्याकडे वाराचा जुन्यात जुना मानला जाणारा कोरीव उल्लेख एरणच्या इ. स. ४८४ च्या स्तंभलेखात आहे. तो दिवस गुरुवारचा. इंग्रजीत मंगळाच्या जागी टिव् आणि बुधाच्या जागी वोडन हे उत्तरेकडील देव आले. पोर्तुगीज भाषेने ग्रहांना रजा देऊन सोमवारला 'दुसरा', मंगळवारला 'तिसरा' म्हटले. परंतु साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलानंतरही गोव्याचा कोकणी माणूस 'आयतार' आणि 'बिरेस्तार'च म्हणतो. आपल्या खेड्यांतील ऐतवार व बेस्तरवारही आदित्य आणि बृहस्पतीच होत.

नाव ग्रहाचे असले, तरी वाराला अर्थ देतो तो व्यवहार. पुण्याच्या पेठा किंवा नाशिकचा बुधवारचा बाजार हीच गोष्ट सांगतात. रविवारची सुट्टी तरी सूर्याची देणगी कोठे आहे? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती १० जून १८९० रोजी मिळविली.

आम्ही शिक्षक-कारकून मंडळी तो रविवार गृहीत धरतो. परंतु वणी-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीसाठी सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या मजुराला, तो रोजाने असो वा उक्ते, सातही वार सारखेच. विश्रांती घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. सात दिवसांतून एक सवेतन विश्रांतीचा दिवस ठरविण्याची तरतूद १९४८ च्या किमान वेतन कायद्यात झाली होती. शेतमजुरी त्या कायद्याच्या कक्षेत होती. तरीही बांधावर ती कितीशी पोहोचली?

पीक थांबत नाही, हे बागाईतदाराचे म्हणणे खरे आहे. पण टोळीतील माणसे पाळीपाळीने थांबू शकतात आणि त्या दिवसाची मजुरी छाटणीच्या खर्चात धरता येते. ग्रहांनी सात दिवस सर्वांना सारखेच वाटले आहेत. त्यांतील एक कष्टकऱ्याच्या पदरात टाकणे मात्र आपल्याच हाती आहे.