खोट्या शस्त्रक्रियेचा खरा उपयोग
औषधाप्रमाणे सुरीचीही परीक्षा व्हायला हवी. गुडघ्यातली झिजून फाटलेली गादी दुर्बिणीने कापण्याचा उपचार फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर पडताळला गेला. त्यातल्या ७६ जणांची गादी कापलीच नाही. आत नुसती दुर्बीण घातली, पातं काढलेलं यंत्र वाटीवर बाहेरून दाबलं, सक्शन चालू केलं, नेहमीइतका वेळ टेबलावर ठेवलं. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: वर्षभराने दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम! संमती घेतली तरी ही फसवणूकच, असा आक्षेप येतो. पण न पडताळलेली सुरी हजारोंवर चालवणं जास्त नैतिक कसं? शिवाय अशी चाचणी दर वेळी उपचाराच्या विरोधातच जाते असंही नाही. २०२३ च्या ब्रिटिश चाचणीत, छातीदुखीची औषधं थांबवलेल्या ३०१ रुग्णांमध्ये, स्टेंटने कळा खरोखरच कमी केल्या.