मोर्णेकाठचा खराटा
अकोल्याच्या पुलावरून मोर्णा नदी पाहिली तर बरेचदा पाणी दिसतच नाही, दिसते ती जलकुंभीची हिरवी गादी. १३ जानेवारी २०१८ ला हजारो अकोलेकर ती उपसायला काठावर उतरले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला आणि आमची छाती फुगली. जलकुंभी मात्र चिवट. चार रोपं राहिली तरी पुन्हा पसरते, अन् शहराचं सांडपाणी तिला आयतंच खत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा चालवत, कीर्तन रात्री. १९५६ मध्ये ते गेले. विद्यापीठाला आपण त्यांचं नाव दिलं, ग्रामस्वच्छता अभियानालाही दिलं. नाव देणं आपल्याला छान जमतं. परवा पुलावर एका काकांनी स्कूटर थांबवली, नदीला हात जोडले आणि निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठीसकट खाली सोडली. मी म्हटलं, “काका, निदान पिशवी तरी...” “थे मनपाचं काम हाय नं, बापू!” काका गेले. पिशवी बुडाली नाही, जलकुंभीवर ऐटीत बसून राहिली.