दम आणि नेम

बल्लारपुरात बसून बर्फावरच्या खेळाबद्दल लिहिणे कित्येकांना शुद्ध चावटपणा वाटेल. आमची बर्फाशी ओळख उसाच्या रसापुरती आणि गोळ्याच्या गाडीपुरती. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे सरकतो, वर्धेच्या पात्रातली वाळू पायाला चटके देते आणि शहाणी माणसे दुपारी दारे लावून घेतात. पण आवडीने हवामान कधी पाहिले आहे? फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीत हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा आंथोल्ट्झच्या खोऱ्यातल्या बायथलॉनच्या शर्यती मी हातातला चहा निवू देत पाहिल्या.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, म्हणून थोडे सांगतो. पायाला लांब, निमुळत्या पट्ट्या बांधून बर्फाच्या चढउतारांवरून धावायचे. पाठीवर निदान साडेतीन किलोंची रायफल. मध्येच थांबून ५० मीटरांवरच्या पाच काळ्या चकत्या पाच गोळ्यांत टिपायच्या. कधी पालथे पडून, कधी उभ्याने. पालथ्या नेमासाठी चकती ४५ मिलिमीटरची, म्हणजे लिंबाएवढी. उभ्यासाठी ११५ मिलिमीटरची, म्हणजे पुरीएवढी. गोळी लागली की काळ्याचे पांढरे होते. हुकली की शिक्षा जागच्या जागी : बहुतेक शर्यतींत १५० मीटरांचा एक जादा फेरा, आणि वैयक्तिक शर्यतीत वेळेत एका मिनिटाची भर.

कागद गिरणीतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांना मी हे सारे रंगवून सांगितले. ते म्हणाले, "त्यात काय बाप्पा एवढं! लिंबू त आमचा नातू गलोलीनं पाडते."

"काका, आधी स्टेशनापासून किल्ल्यापर्यंत पळत या, आणि धाप लागलेली असतानाच सुईत दोरा ओवून दाखवा."

"मले त बसल्या जागी नाही ओवता येत," काकांनी प्रामाणिकपणे कबूल केले.

खेळाचे मर्म यातच आहे. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. पण नेमबाज आपले काळीज आधी निजवतो, मग चाप ओढतो. बायथलॉनवाल्याचे काळीज ढोल वाजवीत असते. नाडी मिनिटाला दीडशेच्या वर आणि बोटे गारठलेली. दोन श्वासांमधल्या चिमूटभर शांततेत त्याला गोळी सोडायची असते. फार थांबावे तर पुढचे निघून जातात. घाई करावी तर नेम जातो. संसारी माणसाला ही कुचंबणा वेगळी समजावून सांगायला नको!

या खेळाचे मूळ लष्करी गस्तीत आहे. १९२४ साली शामोनीच्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सैनिकी गस्तीची शर्यत होती. ती स्वित्झर्लंडने जिंकली. आजच्या नावाने हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो १९६० साली, अमेरिकेत स्क्वॉ व्हॅलीला. तेव्हा एक गोळी हुकली की दोन मिनिटांचा दंड असे. स्वीडनच्या क्लास लेस्टांडरहून वेगाने धावणारे त्या दिवशी बरेच होते. पण त्याच्या वीसपैकी वीस गोळ्या लागल्या आणि सुवर्णपदक त्याच्या गळ्यात पडले. बायकांना मात्र या रिंगणात यायला १९९२ चे आल्बेरव्हिल उजाडावे लागले.

भारताचा खेळाडू ऑलिंपिकच्या बायथलॉनमध्ये अजून उतरलेला नाही. "आपल्याकडे बर्फ कुठे?" हे उत्तर तयारच असते. मला ते पटत नाही. एक तर हिमालय आपलाच आहे. दुसरे म्हणजे, ज्यांच्याकडे बर्फ आहे तेसुद्धा उन्हाळ्यात चाके लावलेल्या पट्ट्यांवर डांबरी रस्त्यांनी सराव करतात. आणि तिसरे उत्तर आमच्याच जिल्ह्याने देऊन ठेवले आहे. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य'तून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. उन्हाच्या मुलखातली ही मुले! त्यांच्या पायांतला दम जंगलवाटांनी घडवला होता. बर्फावर चालायचे कसब शिकवल्यावर आले. शिकवणारा भेटला, साहित्य मिळाले, आणि कुणीतरी 'तुला जमेल' म्हटले, एवढाच काय तो फरक.

दम आमच्याकडे मुबलक आहे, वाचकहो. जिवतीच्या डोंगरात, गडचिरोलीच्या रानात तो रोज मैलोगणती पायी शाळेला जातो. नेम शिकवावा लागतो. त्याला वर्षे लागतात, पैसा लागतो, आणि शिकवणाऱ्याचा धीर लागतो. आपण एकदा सत्कार करतो, हार घालतो, फोटो काढतो आणि समजतो की शर्यत संपली. खेळाडूला ती दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सुरू करायची असते, हे आपल्या गावीही नसते.

त्या जादा फेऱ्याबद्दल मला आदर वाटतो, तो याचसाठी. चूक झाली, फेरा मारला, हिशेब मिटला. पुढच्या थांब्यावर पाचही चकत्या पुन्हा काळ्याभोर उभ्या. आमच्या मुलांच्या बाबतीत हुकलेल्या नेमाचा फेरा मारायचा आहे तो आपण मोठ्यांनी. १५० मीटरच तर आहेत. पण आधी निघायला हवे!