संशोधनाचा शेजार

डोंबिवली पूर्वेला रिक्षात बसून ‘घरडा सर्कल’ एवढे दोन शब्द उच्चारले की पुढे काही सांगावे लागत नाही. ज्यांच्या आडनावावरून हा चौक ओळखला जातो, ते डॉ. केकी घरडा २०२४ मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेले. माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या आणि अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या या रसायनतज्ज्ञाने साठच्या दशकात वांद्र्यातील छोट्याशा जागेत रंगद्रव्ये बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांचा व्याप डोंबिवलीच्या एमआयडीसीत आला. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर त्यांच्याविषयी चार ओळी छापून आल्या. त्या चौकातून रोज लोकल गाठायला धावणाऱ्या डोंबिवलीकराला मात्र शेजारच्या भिंतीपलीकडे नेमके काय शोधले गेले, हे आजही ठाऊक नाही. रसायन कारखान्याची त्याला ओळख दोनच मार्गांनी होते, एक वास आणि दुसरा स्फोट.

ही ओळख अपुरी आहे आणि त्या अपुरेपणाची किंमत शहर मोजत आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधे आणि कीटकनाशके यांच्या रेणूवरचा हक्क काढून घेतला; पेटंट उरले ते केवळ तो रेणू बनवण्याच्या पद्धतीवर. कायद्यातील ‘औषध’ या शब्दाच्या व्याख्येतच तणनाशके आणि कीटकनाशके बसवलेली होती. परदेशी कंपनीने शोधलेला रेणू स्वतःच्या वेगळ्या वाटेने बनवता आला, तर तो देशात विकता येत होता. डॉ. घरडांच्या घरडा केमिकल्स कंपनीने या मोकळिकीचे सोने केले. पंजाब-हरियाणाच्या गव्हात माजणाऱ्या गुल्लीदंडा तणावरचे आयसोप्रोट्युरॉन हे त्यातले ठळक उदाहरण. यात नवा रेणू सापडल्याचा गाजावाजा नसतो. कोणता कच्चा माल घ्यायचा, तापमान किती अंशांवर धरायचे, कोणता द्रावक पुन्हा वापरता येईल, अशुद्धी कुठल्या टप्प्यावर शिरते, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे वर्षानुवर्षे लिहून ठेवावी लागतात. शोधनिबंध मोजणाऱ्यांच्या तक्त्यात हे काम दिसत नाही. शेतकऱ्याच्या बिलात दिसते.

हीच मंडळी पुढे ‘पीक’ नावाच्या प्लास्टिककडे वळली. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने सत्तरच्या दशकाअखेरीस शोधलेले हे बहुवारिक अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपासही टिकते. विमानाच्या सुट्या भागांपासून मणक्यात बसवायच्या रोपणापर्यंत ते वापरले जाते. घरडांनी ते स्वतःच्या पद्धतीने बनवून दाखवले आणि काही वर्षांनी बेल्जियमच्या सॉल्व्हे कंपनीने पानोली येथील तो सगळा व्यवसाय विकत घेतला. युरोपातील बलाढ्य कंपनीने भारतीय खासगी कंपनीच्या संशोधनासाठी पैसे मोजावेत, ही गोष्ट अभिमानाने शाळेत सांगावी अशी आहे.

कंपन्यांच्या संशोधनाचे दुसरे ठिकाण पाहायला आता डोंबिवलीशेजारच्या कोपरहून मुंबईकडची गाडी पकडावी. दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे आणि मग मुलुंड. तिथे जर्मन हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र होते. माईनमुळ्याचे लोणचे अनेक घरांत होते. त्याच कोलियस प्रजातीतल्या वनस्पतीच्या मुळांतून तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी फॉर्सकोलिन वेगळे केले आणि १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. चार वर्षांनी अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की हे द्रव्य पेशीतल्या ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट जागे करते. तेव्हापासून पेशींचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये फॉर्सकोलिनची कुपी असतेच. जपानमध्ये त्यापासून हृदयविकारावरचे औषधही झाले. सह्याद्रीत वाढणाऱ्या एका झाडातल्या रोहिटुकिन या द्रव्यावरून याच केंद्रात फ्लॅव्होपिरिडॉल घडले. पेशींचे विभाजन चालवणाऱ्या सीडीके या विकरांना लगाम घालणाऱ्या औषधांच्या गटातले रुग्णांवर तपासले गेलेले ते पहिले.

आज हे केंद्र कुठे आहे? १९९८ मध्ये ते निकोलस पिरामल या औषध कंपनीकडे गेले. नव्या रेणूंचा शोध तिथे काही वर्षे चालू राहिला आणि २०१४ मध्ये त्या कंपनीनेही तो थांबवला. त्याआधी गोरेगावातले सिबा या स्विस कंपनीचे केंद्रही असेच मिटले होते. १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले होते, टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा मातब्बर रसायनशास्त्रज्ञ तिथे संचालक होता. इमारती गेल्या, माणसे पांगली, प्रयोगवह्या कुठल्या कपाटात गेल्या हे कोणी विचारले नाही. ठाणे-मुंबई पट्ट्याने कंपन्यांचे संशोधन फार सहज हातचे जाऊ दिले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न भूतकाळाच्या हळहळीपुरता असता तर अग्रलेखाची जागा खर्ची घातली नसती. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला आणि बारा जण गेले. २३ मे २०२४ रोजी तिथल्याच अमुदान कंपनीत तेच घडले, दहाहून अधिक जीव गेले आणि दूरवरच्या इमारतींची तावदाने फुटली. अशा वेळी पहिली बातमी नेहमी ‘बॉयलर फुटला’ अशी येते. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ असते. रिॲक्टरमध्ये रासायनिक क्रिया चालते आणि ती स्वतःच उष्णता निर्माण करते. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये शांतपणे पार पडणारी क्रिया पाच हजार लिटरच्या भांड्यात नेली, तर दर लिटरमागे थंड व्हायला मिळणारा पृष्ठभाग सुमारे सतरापट कमी होतो. उष्णता बाहेर पडण्यापेक्षा वेगाने साठू लागली की क्रिया अधिक भडकते, त्यातून आणखी उष्णता आणि मग काही मिनिटांचाच अवधी. हा धोका कागदावर आधी मोजता येतो. त्यासाठी उष्णतामापक रिॲक्टर हे यंत्र आहे. त्याची जडणघडण सिबा-गायगीच्या स्वित्झर्लंडमधील बाझल इथल्या संशोधकांनी केली.

बाझलही काही निष्कलंक शहर नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी तिथे सँडोझच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाइन नदीत उतरली, पाणी लाल झाले, मासे तडफडून मेले. ऱ्हाइनकाठचे देश एकत्र बसले, नदी सुधारण्याचा कार्यक्रम आखला गेला आणि प्रयोगशाळा शहरातच राहिल्या. आपल्याकडे डोंबिवलीत २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तत्कालीन मुख्यमंत्री येऊन पाहून गेले आणि २०२२ मध्ये १५६ कारखाने पाताळगंगेला हलवण्याचे जाहीर झाले. दाट वस्तीला खेटलेले धोकादायक कारखाने हलायलाच हवेत, त्यावर दुमत नाही. पण ज्या क्रियेची उष्णता डोंबिवलीत कोणी मोजली नाही ती पाताळगंगेतही तशीच भडकेल आणि तिथेही माणसेच राहतात. नामवंत संशोधन असलेली कंपनीही यातून सुटत नाही; घरडांच्याच लोटे परशुराम येथील कारखान्यात मार्च २०२१ मध्ये कामगार मृत्युमुखी पडले. प्रयोगशाळेतले ज्ञान पाळीवरच्या ऑपरेटरपर्यंत, रात्री दोन वाजता झडप उघडणाऱ्या हातापर्यंत पोहोचले नाही, तर पेटंटची संख्या कितीही असो, तिचा त्या कामगाराला उपयोग नाही.

छोट्या कारखानदाराला असे यंत्र आणि ते चालवणारा माणूस परवडत नाही, हे खरे. म्हणूनच एमआयडीसीने डोंबिवलीत सामायिक प्रयोगशाळा उभारावी. यूडीसीटीचीच आजची आयसीटी माटुंग्यात तासाभराच्या अंतरावर आहे, तिच्याकडे तज्ज्ञ आहेत. मोठ्या कंपन्यांनी या प्रयोगशाळेला आपले निवृत्त रसायनतज्ज्ञ द्यावेत. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने प्रत्येक धोकादायक क्रियेच्या चाचणीचा अहवाल परवान्याच्या नूतनीकरणाला जोडावा. व्यापारी गुपित वगळून त्याचा सारांश कारखान्यांलगतच्या सोनारपाडा, सागर्ली, मिलापनगरच्या रहिवाशांना मराठीत वाचायला मिळावा. पाताळगंगेच्या भूखंडांचे वाटप करतानाही हाच अहवाल पहिल्या कागदपत्रांत मागावा आणि तो नसेल तर भूखंडाचा ताबा देऊ नये.